टँकरचं पाणी

वाईन कारखान्याच्या नीळकंठ साहेबांनी म्हाळसाच्या द्राक्षवेलीवरचा एक मणी तोडून जिभेवर दाबला आणि त्यांचा चेहरा उतरला. मग त्यांनी गोडी मोजायच्या काचेच्या नळीवर रसाचा थेंब घेतला, नळी डोळ्याला लावली.

"म्हाळसाबाई, तोडीआधी पाणी बंद करायला सांगितलं होतं ना?"

तिचा धाकटा भाऊ जोतीराम तारेला धरून उभा होता. पाणी त्यानं घातलं होतं.

त्याचं सणसरचं रान कालव्याखालचं. उसाशेजारी वाईनवाल्यांची काळी द्राक्षं. थोरली बहीण सुप्याला दिलेली. जिथं सासऱ्याच्या मेंढ्या चरायच्या त्या मुरमाड उतारावर तिनंही तीच लावली. साहेब म्हणायचे, सणसरच्या रसानं वाईनला अंग येतं, सुप्याच्या रसानं रंग आणि तुरटपणा. दोन्ही मिसळले की तांबडी वाईन जमते. यंदा पहिलीच तोड. म्हाळसा भेटेल त्याला सांगायची, "माझं नि भावाचं रान एका बाटलीत जायचं हाय."

वेली बांधताना ती गुणगुणायची:

माझ्या माहेराला पाणी, झुळूझुळू कालव्याला
कोरड्या गं माझ्या रानी, भाऊ येतो भेटायला

जोतीरामला त्यात टोमणाच ऐकू आला. भाऊ पाण्यात आणि बहीण कोरडी. ती लेकीच्या बाळंतपणाला पणदऱ्याला गेली तशी त्यानं ट्रॅक्टरला टँकर जोडला नि तिच्या वेलींची एकेक ओळ भिजवली. तोडीआधी पाणी नको, हे त्यालाही सांगितलेलं होतं. पण सुकल्या वेलीला पाणी तोडायचं, हे कालव्याकाठच्या जिवाला कधी पटलंच नव्हतं.

मणी फुगले, काही तडकले. रस पातळ झाला.

"व्हय साहेब," म्हाळसा म्हणाली. "मीच घातलं. बघवंना."

जोतीरामनं मान वर केली नाही.

"मग ही मिश्रणात नाही घेता येणार. आणि सणसरच्या रसाला मी रंग कुठून आणू?" साहेब चढावर उभ्या केलेल्या जीपकडं निघाले.

म्हाळसा घरात गेली. गुळाचा खडा नि पाण्याचा तांब्या घेऊन आली. "घे. उन्हातनं आलायस."

"अक्का, ते पाणी..."

"चाकोऱ्या बघितल्या मी. तुझ्या ट्रॅक्टरचं एक चाक घासलंय, आंधळ्यालाबी कळंल."

"मग साहेबापुढं का घेतलंस अंगावर?"

"भावानं पाणी आणलं म्हनून तक्रार करू व्हय? सुपं हसंल मला."

जोतीरामनं तांब्या तसाच खाली ठेवला आणि चढाला लागला. जीपपाशी शेजारचा सोनबा आणि दोन-चार बागाईतदार साहेबांना घेरून उभे होते.

"साहेब, ते पाणी मी घातलं. तिला ठाऊकबी नव्हतं."

सोनबा गालात हसला. "कालवाच आणला म्हना की बहिणीला."

साहेबांनी काचेची नळी खिशात घातली. "बरं झालं सांगितलंत, जोतीरामराव. पण द्राक्षं तीच आहेत."

तो उतरून आला तेव्हा म्हाळसा तडकलेले घड वेलीवरून काढत होती. ती गात नव्हती. तांब्या होता तिथंच होता, वर ताटली झाकलेली.

"पी," ती पाठमोरीच म्हणाली.

जोतीरामनं ताटली बाजूला केली. मग तांब्या तळापर्यंत रिकामा केला. सुप्यात पाणी टाकून देत नाहीत.