दोरीमागचा लाकडी हंस

मित्रांनो, मी एक जुना लाकडी हंस आहे. मला उडता येत नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर पुढे तुमची निराशा व्हायची.

आमच्या कोरियात नवरदेव सासूसमोर हंस ठेवून दोनदा दंडवत घालतो. सासूने तो ओच्यात घेतला की मुलगी दिली. हंस जोडीदार बदलत नाही म्हणून हा मान आमचा. थे-ग्योमच्या आजोबांच्या लग्नासाठी त्यांच्या मित्राने मला कोरलं, तेव्हा माझं फार कौतुक झालं. पुढे थे-ग्योमने पुस्तकांचं दुकान काढलं आणि जाडजूड शब्दकोश घसरू नयेत म्हणून मला टेकू केलं. माझ्या चोचीचा टवका उडाला. कुणी विचारलंही नाही.

मग त्याचं लग्न सेमशी ठरलं. सेमची आई ओक-जूबाई त्याला जावई म्हणायला तयार नव्हत्या. "त्या पुस्तकवाल्याला सांग, हंस घेऊन रीतसर ये. मग बघते." सेमने हा निरोप दुकानात येऊन सांगितला आणि मी तिथेच पण केला. या बाईंच्या ओच्यात जायचंच!

लग्न ग्वांगजूच्या एका कलासंग्रहालयात होतं आणि सजावट सगळी पुस्तकांची. मला पुस्तकांच्या उंच चळतीवर बसवलं. तिथेच घोळ झाला. शेजारच्या दालनातले प्रेक्षक माझ्याभोवती जमले.

"एकटेपणाचं शिल्प आहे," एक बाई म्हणाल्या.

"चोच मुद्दाम तोडलीय," त्यांचे यजमान म्हणाले.

हे ऐकून पहारेकरी प्योकाकांनी माझ्याभोवती दोरी बांधली. थे-ग्योम मला न्यायला आला, तर त्यांनी त्याला अडवलं.

"हात लावायचा नाही."

"काका, हा माझा हंस आहे!"

"सगळे असंच म्हणतात."

"पोटाखाली आजोबांचं नाव कोरलंय. बघा ना!"

"बघायला उचलावा लागेल. उचलायला मनाई आहे."

पलीकडे ओक-जूबाई ओचा पसरून ताटकळल्या होत्या. शेवटी त्या चटईसकट उठून आल्या.

"बसायला मनाई आहे का हो?"

"बसायला नाही," प्योकाका म्हणाले.

बाई दोरीखालून आत शिरल्या आणि चळतीला खेटून बसल्या. "हं, घाल दंडवत."

थे-ग्योमने दोरीबाहेरूनच पहिला दंडवत घातला. दुसऱ्याला तो इतका वाकला, की त्याच्या नवरदेवाच्या टोपीचा बाजूला निघालेला ताठ पंख अगदी खालच्या पुस्तकात अडकला. तो उठला, त्याच्याबरोबर पुस्तकही निघालं. चळत कलली. मी फक्त दिशा धरून ठेवली.

पडलो तो थेट ओच्यात!

"ठेवा तो जागेवर," प्योकाका ओरडले.

"मी कुठे उचलला? तो आला." बाईंनी मला घट्ट धरलं. "आणि जावईबापू, आधी पुस्तकं रचायला शिका!"

जावईबापू! सेम हसता हसता रडली. प्योकाकांनी बराच विचार केला आणि दोरी सोडली. हंस स्वतःहून आला तर काय करायचं, याचा नियमच नव्हता.

आता मी बाईंच्या घरी किमचीच्या, म्हणजे आंबवलेल्या कोबीच्या बरणीवर वजन म्हणून बसतो. वास येतो, पण काम आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर जपा. फक्त जपायच्या म्हणून दोरीमागे ठेवू नका. दर वेळी इतका नेम साधेलच असं नाही.