बिनअस्तराचा कोट

मास्तरांच्या हातचा लहान मुलाचा कोट ओळखणं सोपं होतं. खालची कड उलटून पाहायची. आत एकावर एक तीन दुमडी, आणि प्रत्येक दुमडीला वेगळ्या रंगाचा दोरा: निळा, पिवळा, लाल. पोर वाढलं की आईने निळा उसवायचा, पुढच्या वर्षी पिवळा, त्याच्या पुढच्या वर्षी लाल. एक कोट चार हिवाळे जायचा. बाकीचे शिंपी नाकं मुरडायचे, असे कोट शिवले तर गिऱ्हाईक परत कधी यायचं म्हणून. मास्तर नुसते हसायचे आणि कानामागचा खडू काढून पुढचं कापड आखायला घ्यायचे.

ही युक्ती त्यांना लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात सुचली, हे त्यांच्या बायकोला पक्कं ठाऊक होतं. ती समोरच काजं करत बसली होती. "आपल्याला होईल ना, त्याच्यासाठी सुचलं," असं ते म्हणाले होते. त्याला सोळा वर्षं झाली. मूल काही झालं नाही, आणि त्याचं खापर अर्थातच तिच्या डोक्यावर फुटलं. सहा वर्षं तिने दवाखान्यांचे उंबरे झिजवले, इंजेक्शनांनी दंड सुजवून घेतले, दोनदा भूल घेऊन टेबलावर पडली. मास्तरांनाही तपासू या, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या की मास्तर नेमके कामात. सासूबाईंचं तर मरेपर्यंत एकच पालुपद होतं, "माझ्या मुलात दोष नाही. मला माहीत आहे." आईला आपला मुलगा थोरच वाटायचा, असं मनाशी म्हणून ती ऐकून घ्यायची.

त्या सोमवारी मास्तर बटणं आणायला बाजारात गेले होते. दुकानात एक तरुण मुलगी आली. तिच्या कडेवर तीनेक वर्षांची लेक होती. हे कुटुंब गावात नवीनच आलेलं. तिने पिशवीतून एक छोटा राखाडी लोकरी कोट काढून टेबलावर ठेवला.

"काकू, याला अस्तर लावून मिळेल? माझाच आहे, लहानपणीचा. आता हिला घालीन म्हणते, पण लोकर फार टोचते."

बायकोने सवयीने कड उलटली. निळ्या दोऱ्याची नुसती भोकं उरली होती, पिवळ्याचीही. लाल टाके मात्र जसेच्या तसे होते, बारीक आणि जरा डावीकडे कललेले. सोळा वर्षं ती हेच टाके रोज पाहत होती.

"कुणी शिवला गं हा?" तिने विचारलं.

"बाबांनी. शिंपीच होते ते."

"होते म्हणजे?"

"म्हणजे असतील अजून कुठेतरी. मी तेव्हा पाच वर्षांची होते. कोट सगळा झाला होता, अस्तर तेवढं राहिलं होतं. ते घेऊन येतो म्हणून सकाळी गेले, ते आलेच नाहीत." मुलगी हे अगदी सरावाने सांगत होती. "आई आठवडाभर त्यांचं जेवण झाकून ठेवायची. शेवटी मी कोट तसाच घातला. तीन हिवाळे खाजवत काढले."

"गुरुवारी ये," बायको कशीबशी म्हणाली.

मुलगी गेल्यावर ती कितीतरी वेळ त्या कोटाकडे बघत बसली. आधी मनात आलं ते असं, की यांना मुलगी आहे, म्हणजे दोष खरंच आपला. सासूबाई बरोबरच बोलत होत्या. आपला दोष नसेलही, अशी एवढीशी आशा तिने कुणाला न सांगता जपली होती, तीही गेली. तिला स्वतःचीच लाज वाटली. नवऱ्याचा राग यायला अजून अवकाश होता.

मास्तर दुपारी आले. तिने शटर अर्धं ओढलं आणि कोट उलटा करून त्यांच्यापुढे टाकला. मास्तरांच्या हातातला बटणांचा पुडा तसाच राहिला. त्यांनी नाकारलं नाही, एवढं त्यांच्या बाजूने म्हणता येईल.

"मोठी झाली असेल," ते म्हणाले.

"तिलाच मुलगी आहे आता. का सोडून आलात?"

"खरं सांगू? कारण काहीच नव्हतं. भांडण नाही, तंटा नाही. अस्तर आणायला निघालो, तर स्टँडवर गाडी लागलेली दिसली. बसलो. मग परत जायचं तोंड राहिलं नाही."

"आणि दोष माझाच होता तर. चला, निदान ते तरी कळलं."

इथे मास्तर गप्प बसले असते तर बसू शकले असते. आयुष्यभर तेच तर केलं होतं. पण ते म्हणाले, "तुझा नाही गं. तिकडून आलो त्याच वर्षी मी ऑपरेशन करून घेतलं. पुन्हा कुठल्या पोराला सोडायची वेळ नको म्हणून. आईलाही सांगितलं नव्हतं."

"आणि माझी इंजेक्शनं?"

"तुला आशा होती. ती मोडायचं धाडस झालं नाही."

तिला त्यांचा इतका राग आला की कापायची मोठी कात्री हातातून बाजूला ठेवावी लागली. सहा वर्षं हा माणूस तिला दवाखान्याच्या दारात सोडून "नीट जा" म्हणत होता! आणि सगळ्यात संताप याचा, की एवढं होऊनही, हे सकाळपासून उपाशी असतील, हे तिच्या मनात येऊन गेलंच.

"अहो, ऐका," ती म्हणाली. "मला माफी नको, रडणंही नको. गुरुवारी ती येईल तेव्हा तुम्ही या खुर्चीत बसायचं. तिच्या तोंडाकडे बघायचं. एवढं केलंत तर पुढचं पुढे बघू. नाहीतर आपलं संपलं."

"बसेन," मास्तर म्हणाले.

दोन दिवस ते त्या कोटाला चिकटून होते. खांद्याची विरलेली शिवण त्यांनी नव्याने घातली, कॉलरला वाफ दिली, उसवलेल्या दोन्ही दुमडी नातीच्या मापाने निळ्या-पिवळ्या दोऱ्याने पुन्हा घातल्या. जेवण मात्र दोघांचं वेगळं आणि अबोल होत होतं. बुधवारी संध्याकाळी तिने न बोलता त्यांच्यापुढे चहा ठेवला. बसेल हा माणूस, असं तिला वाटायला लागलं होतं, आणि तसं वाटल्याचा तिला स्वतःचाच राग येत होता.

गुरुवारी मास्तरांनी घोटून दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. "राखाडी लोकरीला साधं अस्तर शोभायचं नाही," ते म्हणाले. "साटीनचं घेऊन येतो. अर्ध्या तासात आलोच."

ती दोरा तोडत होती. दातांत दोरा होता म्हणून तिने नुसती मान हलवली. मास्तर कोपऱ्यावरून वळले आणि मग ते शब्द तिच्या कानांत नीट शिरले. धावत ती रस्त्यापर्यंत गेली. तिथे दूधवाल्याची गाडी होती, शाळेला निघालेली पोरं होती. मास्तर नव्हते. परत येऊन तिने अस्तराचा खण उघडला. राखाडी साटीन घडी घालून ठेवलेलं होतं, चांगलं दीड मीटर. त्यांनीच गेल्या महिन्यात आणलेलं.

मग तिने साटीन टेबलावर पसरलं, खडूने आखलं, कापलं आणि कोटाला लावायला घेतलं. दोन तास लागले. डोळ्यांना पाणी येत होतं, पण टाका कुठे चुकला नाही.

मुलगी बाराला आली. तिने लेकीला टेबलावर उभं करून कोट घातला. पोर बाहीत गाल घासून हसली. तेवढ्यात मुलीचं लक्ष मागच्या दांडीवर टांगलेल्या मुलांच्या कोटांकडे गेलं. ती जवळ गेली आणि एकाची कड उलटून पाहिली. मग दुसऱ्याची, मग तिसऱ्याची.

"हे कुणी शिवलेत, काकू?"

"आमच्या मास्तरांनी."

"कुठे आहेत ते?"

खोटं बोलायचं त्राण बायकोत उरलं नव्हतं. "सकाळी गेले," ती म्हणाली. "अस्तर आणतो म्हणून."

मुलीने हातातली कड सोडली. मास्तरांच्या रिकाम्या खुर्चीकडे तिने एकदा पाहिलं, मग कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि बायकोच्या शेजारी बसली.

"काकू," ती हळूच म्हणाली, "जेवण झाकून ठेवू नका."