बाबांनी घरचा मेन कॉक बदलला तो दिवस

ओट्याखालचा मेन कॉक, म्हणजे घरातलं सगळं पाणी बंद करायची चावी, दोन वर्षं जाम होता. बाबा शहरभरचे नळ दुरुस्त करत फिरायचे आणि घरचा कॉक तसाच. आई टोमणा मारायची, "आमचा नंबर लागला की कळवा हं, मिस्त्री." शेवटी एका शनिवारी सकाळी, मला प्रेसला सुट्टी होती तेव्हा, तो नंबर लागला. मी घरात आहे म्हणून आई निर्धास्त भाजीला गेली.

बाबा चाळीस वर्षं प्लंबर. हाताखालच्या प्रत्येकाच्या डोक्यात त्यांनी एकच गोष्ट ठोकून बसवली होती. पाइपला करवत लावायच्या आधी बाहेरून येणारं पाणी बंद करायचं, मग नळ उघडून शेवटचा थेंब पडेपर्यंत थांबायचं.

मी ओट्याखालची भांडी काढून दिली. बाबा मांडी घालून बसले आणि पाइप कापायला लागले. बाहेरची चावी त्यांनी बंद केली असणार, हे मी धरूनच चालले होते. त्यांना तसं विचारणं मला सुचलंही नसतं.

पाइप निम्मा कापला गेला आणि पाण्याचा फवारा थेट त्यांच्या छातीवर बसला. मागोमाग पाइप मोडलाच. पिठाचा डबा आडवा झाला, पाणी चौकटीपर्यंत आलं. पण मी हादरले ती पाण्याने नाही. बाबा जागचे हलले नव्हते. हातात करवत धरून ते भिजत बसले होते, आणि माझ्याकडे बघत शांतपणे विचारत होते, "हे पाणी कुठून येतंय ग?"

मी बाहेर धावले. फाटकाजवळच्या खड्ड्यात, मीटरशेजारची चावी दोन्ही हातांनी फिरवून बंद केली.

परत आले तर मागच्या दाराने आलेली आई पिशवी टाकून फडक्याने पाणी टिपत होती. कुणाचा चहा सांडावा आणि आपण पुसावा, तितक्या सहज.

"आई, बाबांना काहीतरी..."

"माहितीये," ती हळूच म्हणाली. "उन्हाळ्यापासून. म्हणून तर मी त्यांच्याबरोबर कामावर जाते."

चार महिने ती थर्मास घेऊन बाबांच्या मागोमाग जात होती. उतारवयात दोघांचं फारच जमलंय, अशी मी चेष्टा करायचे. ती चहा पाजायला नाही, पाणी बंद केलंय ना ते बघायला जात होती.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं ग."

बाबा ओल्या कपड्यांतच पुन्हा खाली बसले. पाइपला आटे पाडले, टेप गुंडाळली, नवा कॉक चढवला. हात एकदाही अडखळला नाही. ते बघून मी जास्तच सुन्न झाले.

"सोमवारी शाळेतलं काम आहे," पाना आवळता आवळता ते म्हणाले. "वरच्या मजल्याची लाइन."

मी त्यांच्याशेजारी ओल्या फरशीवर बसले. "बाबा, तुम्ही बाहेरचं पाणी बंद केलं नव्हतं."

त्यांनी पाना खाली ठेवला. "मी?"

"हो."

त्यांनी करवत पुसून बाजूला ठेवली. "चाळीस वर्षांत..." एवढंच बोलले. मग आईकडे वळले. "तुला ठाऊक होतं."

आईने मान हलवली. त्या क्षणी बाबांचा चेहरा जसा झाला, तसा मी तो कधी पाहिला नव्हता.

"शाळेत मुलं असतात," ते म्हणाले. "फोन आण."

शाळेचा नंबर लावून मीच बोलणार होते, पण त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला. "सोमवारी दुसरा माणूस बघा. माझ्याकडून आता होणार नाही." पलीकडून कारण विचारलं असावं. "विसरायला होतं हो," बाबा म्हणाले.

मग त्यांनी मला चावी उघडायला पाठवलं. नव्या सांध्यातून थेंबही गळला नाही. आईने त्यांचा ओला सदरा काढून घेतला, मी भिजलेलं पीठ भरायला लागले. सोमवारी आम्ही तिघं डॉक्टरांकडे गेलो.