अकरावं कलम

अमेरिका ख्रिस्ती राष्ट्र म्हणून स्थापन झाली की नाही, हा प्रश्न एका रविवारी दुपारी चार वाजता बहरीनच्या जुफैर भागातल्या एका सातव्या मजल्यावर येऊन पडला. त्या वेळी ताहिरभाई परकार चहात खारी बुडवत होते. खारी विरघळून तळाशी गेली तरी त्यांना कळलं नाही, कारण त्यांची नात आतिका समोरची खुर्ची ओढून चक्क त्यांच्याजवळ बसली होती.

पाच वर्षं एकाच फ्लॅटमध्ये राहून या आजोबा-नातीचं आजवरचं सगळं बोलणं एका पोस्टकार्डावर मावलं असतं, आणि वर पत्त्याला जागा उरली असती. "नाना, चार्जर?" "तिथे." एवढंच. मुलगी पंधरा वर्षांची, शाळा इंग्रजी, कानात कायम काहीतरी खुपसलेलं. आणि महिनाअखेरीला नानांचा व्हिसा संपत होता. मनामातल्या एका वकिलाच्या ऑफिसात छत्तीस वर्षं अरबीचं इंग्रजी आणि इंग्रजीचं अरबी करून झालं होतं. आता बायकोला घेऊन दापोलीजवळच्या घरी कायमचं जायचं. सामान बांधून झालं होतं. नातीशी बोलायचं तेवढं राहिलं होतं.

"शाळेत डिबेट आहे," आतिका म्हणाली. इंग्रजीतच म्हणाली, मराठी तिला ऐकण्यापुरतं यायचं. "उद्याचा नाही, पुढचा सोमवार. माझ्या वाट्याला 'नाही' आलंय. अमेरिका ख्रिस्ती राष्ट्र म्हणून स्थापन झाली नाही, असं मी सिद्ध करायचं. समोर कस्तुरी."

"कस्तुरी कोण?"

"पुण्याची. रिफाला राहते. ती हरत नाही."

थोडक्यात, दापोलीकडची एक मुसलमान मुलगी आणि पुण्याची एक हिंदू मुलगी, केरळच्या एका बाईंना परीक्षक नेमून, बहरीनमध्ये बसून अमेरिकेचा धर्म ठरवणार होत्या. अमेरिकेला याची काही कल्पना नव्हती.

"एवढं डोकं कशाला शिणवायचं?" नानी, म्हणजे रशीदा, स्वयंपाकघरातून म्हणाली. "आपल्या लिफ्टमध्ये रोज अमेरिकन भेटतात, त्या नेव्हीतले. त्यांनाच विचारते."

रशीदा बोलल्याप्रमाणे करणारी बाई होती. दुसऱ्या दिवशी तिने खरंच विचारलं, हिंदीत. "'हॅव अ नाइस डे' म्हणाला," तिने वर येऊन सांगितलं. "त्यालाही ठाऊक नसावं. पण माणूस चांगला आहे."

आतिका नानांकडे आली होती ती मात्र एका तहासाठी. १७९६ साली अमेरिकेने उत्तर आफ्रिकेतल्या त्रिपोलीशी केलेला, तिथल्या समुद्री चाच्यांनी आपली जहाजं लुटू नयेत म्हणून. त्याच्या अकराव्या कलमात लिहिलं होतं की अमेरिकेचं सरकार कुठल्याही अर्थाने ख्रिस्ती धर्मावर उभं नाही, आणि मुसलमानांच्या कायद्याशी, धर्माशी त्याचं काही वैर नाही. पुढच्याच वर्षी तिथल्या सिनेटने हा तह एकमताने मंजूर केला होता.

ताहिरभाईंनी ते दोनदा वाचलं. सव्वादोनशे वर्षांपूर्वी, टोप घातलेल्या कुणा परक्या माणसांनी आपल्यासारख्यांसाठी एक ओळ लिहून ठेवली, हे त्यांना फार आवडलं. वाट वाकडी करून कुणी आपल्या घरी सलाम सांगून जावं तसं.

"हा हुकमी पत्ता झाला," ते म्हणाले. "पण कस्तुरी गप्प बसायची नाही. चल, मी कस्तुरी. बोल."

मग रोज चार ते सहा ताहिरभाई कस्तुरी झाले. आतिका इंग्रजीत बोलायची, ते मराठीत आडवे यायचे. "पहिली जहाजं भरून जी माणसं आली ती बायबल घेऊनच आली ना? मॅसॅच्युसेट्समध्ये १८३३पर्यंत चर्चसाठी कर घेत होते, त्याचं काय? आणि राज्यघटनेच्या तारखेत 'आमच्या प्रभूचं वर्ष' लिहिलंय, ते?"

"नाना, तारीख म्हणजे धर्म नाही. इथे सरकारी कागदावर हिजरी तारीख असते आणि शेजारी इंग्रजी. मग त्या कागदाने नमाज पढायचा की चर्चला जायचं?"

ताहिरभाईंना ठसका लागला. रशीदाने आतून पाणी आणलं आणि त्या दोघांकडे बघत ग्लास हातातच धरून उभी राहिली.

घात केला तो त्यांच्या सवयीने. छत्तीस वर्षांत त्यांनी एकच बाजू वाचून कधी कागद हातावेगळा केला नव्हता. उजवीकडे अरबी, डावीकडे इंग्रजी, मध्ये स्टीलची पट्टी, आणि ओळीला ओळ. गुरुवारी त्यांनी तहाच्या मूळ अरबी पानांचे फोटो आतिकाकडून छापून घेतले. उत्तर आफ्रिकेचं जुनं वळण, 'फ'चा नुक्ता, म्हणजे टिंब, डोक्यावर असायचा तो खाली. तीन दिवस ते भिंग घेऊन बसले. कलम दहा जुळलं. कलम बारा जुळलं. अकराव्याच्या जागी भलतंच एक पत्र होतं, अल्जिअर्सच्या राजाने त्रिपोलीच्या राजाला लिहिलेलं. ख्रिस्ती धर्माचा, मुसलमानांशी वैराचा शब्दसुद्धा नव्हता. त्यांनी पट्टी पुन्हा वरून खाली सरकवली. मफी. नव्हतंच.

मग त्यांनी इंटरनेटवर शोधलं. विद्वानांना ही गोष्ट शंभर वर्षांपासून ठाऊक होती. कस्तुरीलाही असणार.

"सांगू नका," रशीदा म्हणाली. "सोमवार जाऊ दे. पोरगी आत्ता कुठे तुमच्याजवळ बसायला लागलीय."

"अगं, पण अरबी मजकुरात नाही म्हणजे ते कलमच रद्द." त्यांनी हयातभर प्रत्येक कराराखाली शेवटची ओळ टाइप केली होती: दोन मजकुरांत फरक आढळल्यास अरबी मजकूर ग्राह्य धरावा. कलमा आणि ती ओळ, दोन्ही त्यांना झोपेतही म्हणता आली असती. "खोट्या कागदावर मी तिला उभं करू? भर सभेत?"

"मग सांगा. आणि पुन्हा एकटे खारी खा."

शनिवारी चार वाजता त्यांनी सांगितलं. आतिकाने ऐकून घेतलं. तिचे डोळे भरले, मग नाकपुड्या लाल झाल्या.

"आत्ता? परवा डिबेट आहे, नाना! तुम्हाला कुणी सांगितलं होतं तपासायला?"

"कुणी नाही."

"मग खलास!" म्हणून ती उठली, आणि दार असं आपटलं की शोकेसमधल्या कपांनी एकमेकांची विचारपूस केली.

रविवारी चार वाजले. ताहिरभाई टेबलाशी बसले. समोरची खुर्ची रिकामी होती. सव्वाचार. रशीदाने चहा ठेवला आणि बशीत एकट्यापुरती खारी. साडेचारला त्यांनी पानं गोळा करून रबर लावलं.

पाचला पाच कमी असताना दार उघडलं.

"सिनेटने कुठली कॉपी वाचली?" आतिका उभ्या उभ्या म्हणाली.

"इंग्रजी."

"त्यांच्यात अरबी कुणाला येत होतं?"

"कुणालाच नसावं."

"मग अरबी ग्राह्य, हे कुठून आलं?"

"नियमच आहे तसा."

"कुठला नियम? नाना, सिनेट मनामात नव्हती!"

छत्तीस वर्षं ताहिरभाईंना वाटत होतं की तो नियम अल्लाने केलाय; तो मनामाच्या कोर्टापुरता निघाला. आतिकाने खुर्ची ओढली. "आता व्हा कस्तुरी," ती म्हणाली.

सोमवारी आतिकाच्या आईची, नाझिशची, सलमानियाच्या इस्पितळात शिफ्ट होती, म्हणून नाना-नानी टॅक्सीने शाळेत गेले. कस्तुरी खरोखरच भारी बोलली. शेवटी म्हणाली, "ते कलम? मुसलमान चाच्यांना खूश करायला टाकलेलं गोड वाक्य!"

आतिका उठली. "मुसलमानांच्या कॉपीत ते वाक्यच नाही. मग खूश कुणाला केलं? ज्यांनी लिहिलं, त्यांनी ते फक्त स्वतःच वाचलं आणि एकमताने मंजूर केलं. लोक स्वतःशी बोलतात तेव्हा गोड बोलायची गरज नसते."

टाळ्या पडल्या. इथेच बसली असती तर जिंकली असती. पण ती पुढे सांगत राहिली, की हे माझ्या नानांनी मला दाखवलं, ते कसे तीन दिवस भिंग घेऊन बसले, नुक्ता कसा खाली असतो, आणि मला राग आला तरी त्यांनी कसं खरं सांगितलं. घंटा वाजली, दुसऱ्यांदा वाजली. केरळच्या बाईंनी वेळेचे दोन गुण कापले. आतिका एका गुणाने हरली.

बाहेर व्हरांड्यात कस्तुरी वाकून ताहिरभाईंच्या पाया पडली. "आजोबा, पुढच्या फेरीत बाजू बदलतात. मला 'नाही' येणार. मला शिकवाल?"

ताहिरभाई उत्तर द्यायच्या आत आतिका मधे आली. "नाना बिझी आहेत," ती म्हणाली. मराठीत.

"कधीपर्यंत?"

"तीस तारखेपर्यंत."

कस्तुरी हसून गेली. ताहिरभाई म्हणाले, "अगो, तू तर हरलीस. आता मी कशात बिझी?"

याची आतिकाने तयारी केली नव्हती. तिने सँडलकडे पाहिलं. "तुम्ही छत्तीस वर्षांत अजून काय काय पकडलंत ते सांगायचंय मला."

"ते तीस तारखेत मावायचं नाही."

"उरलेलं सुट्टीत. मी येते दापोलीला."

टॅक्सी आली. आतिका मागे दोघांच्या मधे बसली आणि कानातलं काढून पर्समध्ये टाकलं. "यल्ला, पहिलं सांगा."

ताहिरभाईंनी घसा साफ केला. "मुहर्रकला एक मासळीचा व्यापारी होता. त्याला दोन बायका, आणि करार एकच..."

"हे मला कधी नाही सांगितलंत," रशीदा म्हणाली.

"तू विचारलंस कधी?"

रशीदा त्यांच्या बाजूला झुकली. "सरक गो जरा," ती नातीला म्हणाली, "मला ऐकू येत नाही."