दुसऱ्या कोणाच्या पेशी

"काका, पाणी खळग्याच्या भिंतीवरून सोडा. पेशींच्या डोक्यावर नका ओतू," दीप्ती मॅडम म्हणाल्या.

मी हात मागे घेतला. हे काम मी बरीच वर्षं करतोय. असं मला सांगायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती.

"चहा नाही झाला का?"

"झाला."

"मग हात काय विसर्जनाला नाचून आलाय?"

मी हसलो. पुढच्या खळग्यात पाणी भिंतीवरून सोडलं.

मरोळच्या आमच्या प्रयोगशाळेत माणसाच्या लिव्हरच्या पेशी सांभाळतात. दान केलेलं एखादं लिव्हर कुणाला बसवता येत नाही, त्यातल्या. पेशी गोठवलेल्या येतात. आम्ही त्या छोट्या खळग्यांच्या ताटलीत ठेवतो. खाली जेलचा थर, वर जेलचा थर, अंगाएवढी ऊब आणि रोज ताजं गुलाबी पाणी, म्हणजे त्यांचं खाणं. हे केलं नाही तर त्या लगेच मरत नाहीत. चपट्या होऊन पसरतात आणि लिव्हरचं काम सोडून देतात. औषध घातलं तरी ते पचवत नाहीत. मग औषध शरीरात गेल्यावर त्याचं काय होतं, ते त्यांच्याकडून कळत नाही. म्हणून रोजचं पाणी बदलायला मी रविवारीही जातो.

त्या दिवशी माझ्या खिशात टीबीच्या गोळ्यांची पट्टी होती. माझ्या मुलीची, गंधालीची. पट्टी अख्खी होती.

गेल्या वर्षी याच गोळ्या माणिकला, माझ्या बायकोला दिल्या होत्या. खोकला थांबला, वजन वाढायला लागलं, आणि मग गोळ्या लिव्हरवर गेल्या. त्यातच ती गेली. डॉक्टर म्हणाले, इतकं क्वचित एखाद्याला होतं. ती एखादी माझ्या घरातली निघाली. आता गंधालीच्या थुंकीत टीबी सापडला. टीबी केंद्रातल्या बाईंनी पट्टी माझ्या हातात दिली, म्हणाल्या, उद्यापासून सुरू करा. मी घरी येऊन गंधालीला सांगितलं, "स्टॉक आला नाही." मग रोज तेच सांगितलं.

"मॅडम, ही ताटली उद्या फेकायची ना?"

"हो. का?"

"फेकण्याआधी टीबीचं औषध घालून बघाल?"

त्यांना माणिकचं माहीत होतं. त्यांना वाटलं असेल, म्हाताऱ्याच्या मनात अजून तेच घोळतंय. काही न विचारता त्यांनी कपाटातून औषधाची पावडर काढली.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी ताटलीत रंग घातला. पेशी जिवंत असतील तर जांभळं होतं. वरच्या ओळी जांभळ्या झाल्या. खालच्या तशाच फिक्या राहिल्या.

"वरच्या एका माणसाच्या, खालच्या दुसऱ्याच्या," मॅडम म्हणाल्या. "एकाला झेपलं, एकाला नाही. डोस मी मुद्दाम खूप घातला होता हं."

"माझी गंधाली यातली कुठली?"

त्यांनी मान वर केली. "गंधालीला काय झालं?"

मी पट्टी काढून टेबलावर ठेवली. त्यांनी उलटीपालटी करून बघितली.

"कधी दिली ही?"

"सोमवारी."

"आज शुक्रवार आहे, काका!"

"इथे बघून मग देणार होतो."

"इथे काय बघून? या पेशी तिच्या आहेत का? कोण माणसं होती, मला पण माहीत नाही. नुसता नंबर असतो."

"लिव्हर ते लिव्हर ना, मॅडम?"

"नाही ना! म्हणून तर दोघांच्या ठेवतो." त्यांचा आवाज चढला. "गोळी दिल्यावर काय होईल ते मी नाही सांगू शकत. नाही दिली तर वाट लागेल पोरीची. खोकतेय ना?"

"खोकते."

"डॉक्टरांना तिच्या आईचं सांगितलंत?"

"सांगितलं. आठवड्याला रक्त तपासू म्हणाले."

"मग द्या. मळमळ, पिवळे डोळे, गडद लघवी, काहीही दिसलं तर त्याच दिवशी त्यांच्याकडे जायचं." मग हळू आवाजात म्हणाल्या, "यापेक्षा जास्त मला पण येत नाही, काका."

चारकोपला घरी पोचलो तेव्हा गंधाली मास्क लावून खिडकीशी बसली होती.

"आला स्टॉक?"

"आलेलाच होता, बाय."

"माहितीये. स्टॉक म्हणताना रोज खिसा दाबत होता तुम्ही."

"मग बोलली का नाहीस?"

ती बाहेर बघत राहिली. "मला पण नको होत्या."

सकाळी उपाशीपोटी द्यायच्या होत्या. दुसऱ्या दिवशी उठल्या उठल्या मी गोळ्या वाटीत काढल्या.

"आई गार पाण्याबरोबर घ्यायची ना?" तिने विचारलं.

"हो."

"मग मला गरम करून द्या."

मी पाणी गरम केलं. एकेक गोळी गिळताना ती डोळे मिटून घेत होती. शेवटची गेल्यावर मला म्हणाली, "झालं. आता काय, बघत बसणार?"

"इकडे ये. उजेडात."

"पप्पा, आत्ता तर घेतली. आत्ता काय दिसणार?"

"आज डोळे कसे आहेत ते बघून ठेवतो."

ती खिडकीत आली. मी अंगठ्याने तिची खालची पापणी ओढली. डोळा पांढरा होता. मग दुसरा डोळा. मी वाकून अजून जवळ गेलो.

"हलू नको."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी माझं बघून होईपर्यंत तिने पापणी लववली नाही.