माझ्या जन्मसालाची चौकशी

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे असं समजून तुम्ही कौतुकाने पुढे येत असाल, तर जरा थांबा. मी जुनी नाही, जुनी दिसते. एकोणीसशे चौतीस साली निघालेल्या एका बिनटपाच्या गाडीची मी नक्कल आहे. माझं अंग पत्र्याचं नाही, फायबरग्लासचं आहे, आणि मी अकरा खोक्यांतून ओहायोतल्या डेल्मर क्रॉसच्या गॅरेजात उतरले. तेव्हापासून माझ्याकडे कोणी सरळ नजरेने पाहिलेलं नाही. मग मीही कोणावर सहजासहजी विश्वास ठेवत नाही.

डेल्मर चाळीस वर्षं लेथवर काम करून निवृत्त झालेला. खोक्यांबरोबरच्या पुस्तिकेत ‘दोन माणसं, तीन महिने’ असं छापलं होतं. डेल्मर एकटा होता आणि त्याला सात वर्षं लागली. पुस्तिका लिहिणाऱ्याने स्वतः कधी गाडी जोडली असेल, याबद्दल मला शंका आहे. इंजिन एका ठोकलेल्या पिकअपचं आलं, गिअरबॉक्स जुन्या सामानाच्या बाजारातून. डेल्मरची बायको लोइस रोज संध्याकाळी कॉफी घेऊन स्टुलावर येऊन बसायची.

“आज काय केलंस?”

“डावं दार.”

“काल पण डावंच होतं.”

“काल बसवलं. आज काढलं.”

अखेर मला गडद हिरवा रंग लागला, आणि त्याच महिन्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी डेल्मरला सांगितलं की नजर मधोमध विरत चालली आहे. फार तर दोन उन्हाळे गाडी चालवता येईल, मग लायसन परत करायचं. दोन उन्हाळे, आणि माझी अजून नोंदणीही नव्हती.

नंबरप्लेट नसल्यामुळे मला ट्रेलरवर लादून पोलिसांच्या तपासणीला नेलं. सार्जंट पेट्री नावाचा गृहस्थ टॉर्च घेऊन माझ्याखाली बराच वेळ पडून होता.

“इंजिनची पावती आहे. चासीची आहे. गिअरबॉक्सची?”

“बाजारात घेतला. रोखीने.”

“कोणाकडून?”

“टोपीवाल्या माणसाकडून.”

“क्रॉससाहेब, त्या बाजारात बिनटोपीचा माणूस मी अजून पाहिलेला नाही.”

विकणाऱ्याचं नोटरीपुढे सही केलेलं पत्र आणा, असं त्याने सांगितलं. जाताना त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू कोणाच्या तरी घरातून तो गिअरबॉक्स मीच पदराखाली लपवून आणला होता. पहिला उन्हाळा टोपीवाल्याला शोधण्यात गेला. बाजार वर्षातून तीनदाच भरायचा, आणि नावगाव विचारणारा म्हातारा करखात्याचाच असणार, याबद्दल सगळ्या विक्रेत्यांचं एकमत होतं.

वसंतात लायल आला. लायल म्हणजे डेल्मरचा नाश्त्याचा मित्र. दर मंगळवारी दोघं एकाच टेबलावर अंडी खातात. त्याच्या लिफाफ्यात खऱ्या चौतीस सालच्या एका गाडीचा मालकीचा कागद होता, आणि तिच्या चासीचा नंबर कोरलेली पितळी पट्टी. ती गाडी टोलेडोजवळ कोणाच्या तरी शेतात गंजून संपली होती.

“चार स्क्रू, की झालं,” लायल म्हणाला. “तपासणी नाही, पावत्या नाहीत. संग्राहकांच्या गाड्यांना देतात ती नंबरप्लेट हातात.”

“आणि कोणी बघितलं तर?”

“काय बघणार? कागद खरा, नंबर खरा. गाडी तेवढी बदलली.”

डेल्मर कागद डोळ्यांजवळ धरून बराच वेळ बसला. मग त्याने स्क्रूड्रायव्हर उचलला. तोवर माझ्यावर नुसता चोरीचा संशय होता. आता तो खरा ठरायची सोय झाली.

नंबरप्लेटच्या आधी विमा लागतो. असल्या गाड्यांचा विमा निराळा: किंमत आधीच ठरवून घेतात, गाडी कुलपात ठेवायची, हौसेने फिरवायची, किराणा आणायला न्यायची नाही. ट्रूडी कॉबर्न नावाची विमाबाई मला बघायला आली.

“साल?”

“चौतीस,” डेल्मर म्हणाला.

“काय राखलीय हो. काही नवीन बनवून घेतलं?”

“छे. सगळं मुळातलं. मी फक्त पुसून काढली.”

स्टुलावरची लोइस उठून घरात गेली. मला तिचाही संशय आला. ती परतली तेव्हा तिच्या हातात फ्रिजवरचं गाईच्या आकाराचं चुंबक होतं. तिने ते माझ्या बॉनेटवर लावलं. ते घसरून फरशीवर पडलं. तिने उचलून पुन्हा लावलं. पुन्हा पडलं. ट्रूडीबाईंनी पेन खाली ठेवलं.

“लोइस,” डेल्मर म्हणाला.

“सात हिवाळे मी इथं कुडकुडत बसले, आणि तू म्हणतोस पुसून काढली? उद्या मी लोकांना काय सांगू? टोलेडोच्या कुठल्या मेलेल्या माणसाने बनवली?”

“हाही उन्हाळा जाईल, लोइस.”

“जाऊ दे.”

डेल्मर तिच्या स्टुलावर बसला. मग ट्रूडीबाईंच्या दिशेने म्हणाला, “नक्कल आहे. मी बनवली.”

“सगळी?”

“सगळी. डावं दार तीनदा.”

बाईंनी अर्ज फाडला आणि पिशवीतून दुसरा काढला. “नकलांचा अर्ज वेगळा असतो. आधी सांगायचं ना. निम्मे लोक पहिल्यांदा चुकीचाच भरतात.” तिचं बोलणं साधं होतं, पण या खेपेला तिने दारंसुद्धा ठोकून पाहिली.

पितळी पट्टी लायलकडे परत गेली. “चार स्क्रूसुद्धा झेपले नाहीत?” एवढंच तो म्हणाला, आणि पुढच्या मंगळवारी दुसऱ्या टेबलावर बसला. टोपीवाला जुलैच्या बाजारात सापडला. त्याने डेल्मरचं लायसन दोनदा उलटसुलट पाहिलं आणि मगच सही केली. कागद हाती आले तेव्हा ऑगस्ट संपत आला होता. माझ्या नोंदणीवर आता जोडणीचं खरं साल आहे आणि बनवणारा म्हणून डेल्मर क्रॉस हे नाव आहे. त्याने मला सहा रविवार चालवलं. मग लायसन परत केलं.

आता लोइस चालवते. माझ्या ब्रेकवर तिचा विश्वास नाही. डेल्मर शेजारी बसून गिअरचा आवाज ऐकतो आणि “आता बदल” म्हणतो.

मित्रांनो, प्रदर्शनात माझ्यासारखी गाडी दिसली तर तिचं साल जरूर विचारा, माझी हरकत नाही. पण ती कोणी जोडली हेही विचारा, आणि जरा मोठ्याने विचारा. त्याला आता तुमचा चेहरा दिसत नाही. तो आवाजाकडे वळून उत्तर देतो.