नावाचा दुसरा पुकारा

कोट टांगायच्या खोलीत शिरून एल्डन ट्विटने दार ओढून घेतलं आणि तो ओल्या कोटांच्या मागे भिंतीला टेकला. बाहेर प्रतिनिधिगृहात कारकून एकेक खासदाराचं नाव पुकारत होता. धरणाच्या विधेयकाला हो म्हणा, नाहीतर नाही.

धरण झालं तर नदीकाठचं स्कोव्ह गाव पाण्याखाली जाणार होतं. धरण हवं होतं ते बँकवाल्यांना. त्यांनीच त्याला पहिल्यांदा निवडून आणलं होतं, आणि आज ते त्याच्या मतदारसंघातून, डकोटाहून येऊन वर प्रेक्षकांच्या सज्जात बसले होते. या पठ्ठ्याने प्रचारात गाववाले आणि बँकवाले दोघांनाही 'मी तुमचाच' म्हणून सांगून ठेवलेलं!

"ट्विट!"

त्याने श्वास रोखला. कारकून पुढच्या नावाकडे वळला.

"बस की, पोरा," कोपऱ्यातून आवाज आला. एल्डन दचकला. अकरा वेळा निवडून आलेला म्हातारा कॉब तिथे सिगार ओढत बसला होता. "गैरहजरांची नावं परत पुकारतील. तेव्हाही हलायचं नाही. निकाल लागला की बाहेर जायचं आणि सांगायचं, पोटात दुखत होतं."

"लोकांना पटतं?"

"बावीस वर्षं पटतंय." कॉब हसला.

"मग भीती जाते का हो, कॉबसाहेब?"

"कुठली जाते! दर वेळी वाटतं, आज कुणीतरी बखोटीला धरून बाहेर ओढणार."

एल्डनला बँकवाल्यांची भीती होतीच, आता बावीस वर्षं या खोलीत लपण्याची जास्त वाटू लागली. तो दार उघडून बाहेर आला आणि आपल्या बाकाशी उभा राहिला. दुसरा पुकारा चालू झाला होता.

"ट्विट!"

"नाही."

कारकुनाने मान वर केली. "ऐकू आलं नाही, साहेब. पुन्हा सांगा."

सगळे वळून बघू लागले. सज्जात बँकेचा हॅरिगन कठड्यावरून पुढे वाकला. पहिलं उत्तर कुणीच ऐकलं नव्हतं, अजून हो म्हणता आलं असतं. एल्डनने पुढचा बाक घट्ट धरला.

"नाही!"

एवढ्या मोठ्याने तो आयुष्यात ओरडला नव्हता. हॅरिगनने शांतपणे हॅट डोक्यावर ठेवली आणि तो जिना उतरू लागला. बाकीचे त्याच्यामागे उठले. पुढची निवडणूक याच नोव्हेंबरात होती.